हीव किती खोल गेलं

खिलेश्वरीबद्दल मला कोणी विचारलं की मी आधी तिच्या खोडी सांगते. ती जेवताना बोलायची, बोलताना दुसऱ्याच्या डब्यातलं उचलायची, छत्री कधी स्वतःची आणायची नाही आणि विभागप्रमुखांच्या टेबलाला टेकून उभी राहायची. एवढं ऐकून समोरचा हसतो आणि विचारतो, “मोठी मजेदार बाई दिसते. आता कुठे असते?” मग मला सांगावं लागतं, की ती हिमालयात असते आणि तिथल्या रस्त्यांखाली हीव, म्हणजे जमीन गोठवणारी थंडी, किती खोल गेलं ते मोजते. समोरच्याचे डोळे मोठे होतात. पुढचा सगळा वेळ तिच्याबद्दलच बोलणं चालतं. मी काय करते हे विचारायचं राहूनच जातं.

मी गोंदियाजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. खिलेश्वरी आणि मी तिथेच शिकलो, आणि पुढचं शिक्षण करून तिथेच तासिका तत्त्वावर लागलो. माझं गाव नवेगाव बांधच्या बाजूला. आईवडील ठेक्याने घेतलेल्या बांध्यांमध्ये, भाताच्या खाचरांत, धान लावत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. मला शिकवणाऱ्या प्रत्येकाची मी आजही ऋणी आहे, आणि पदवीचा कागद मी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. खिलेश्वरी कामठ्याकडची, पोवारांची. घरची शेती, घरात पोवारी बोली. त्यांच्याकडेही पदवी घेणारी तीच पहिली. पण मला पदवी जपून ठेवायची वस्तू वाटे, आणि तिला ती चपलेसारखी वाटे, घालून फिरायची.

तिची सगळ्यात मोठी खोड म्हणजे कोणतीही गोष्ट वरून पाहून तिचं समाधान होत नसे. खानावळीत भाताचं पातेलं आलं की ती पळी थेट तळाशी घालायची. बाजारात टमाट्याच्या टोपलीत कोपरापर्यंत हात खुपसायची. एकदा भाजीवाली चिडून म्हणाली, “ओ मैडम, पूरा टोकना उलटाओगी क्या?” खिलेश्वरी शांतपणे म्हणाली, “उलटाऊ का?” भाजीवालीला हसू आलं आणि तिने वर मूठभर मिरच्या टाकल्या. मी शेजारी उभी होते. मी वरवरचे टमाटे मुकाट्याने घेतले होते. मला मिरच्या मिळाल्या नाहीत.

आमच्या विभागप्रमुख सरांकडे ते काम आलं तेव्हा महाविद्यालयात सगळे हसले होते. डोंगरातल्या एका रस्त्यासाठी जमीन किती खोलवर गोठते याचा अभ्यास करायचा होता, आणि तोही गोंदियात बसून. मे महिन्यात जिथे डांबराला चप्पल चिकटते त्या गोंदियात. आधी इथे प्रयोग करायचे, अंदाज बांधायची रीत बसवायची, आणि मग आम्हा दोघींपैकी एकीने हिवाळाभर तिथे जाऊन प्रत्यक्ष मोजमाप करायचं. जागा एकच होती. सरांनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मी तोवर नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते. त्या दिवसापासून मला ती जागा हवी होती, इतकी, की रस्त्याने चालताना मला पायाखाली बर्फ दिसायचा.

विषय तसा अवघड नाही. जमिनीत पाणी असतं. थंडी वरून खाली उतरत जाते तसं ते गोठत जातं. गोठणारी माती खालचं पाणीही वर ओढून घेते, त्या पाण्याच्या बर्फाच्या पापड्या होतात आणि रस्ता फुगतो. खरा घात मात्र थंडी सरताना होतो. वरचा थर आधी वितळतो आणि खालचा गोठलेलाच राहतो. पाण्याला खाली जायला वाटच नसते. अशा वेळी भरलेला ट्रक गेला की रस्ता बसतो. म्हणून हीव किती खोल जाईल हे आधी कळलं पाहिजे. तेवढ्या खोलीपर्यंत मुरूम-गिट्टी चांगली घालता येते, आणि ट्रक कधी थांबवायचे तेही ठरवता येतं.

हे मी सरांसमोर नेमक्या शब्दांत, आकृती काढून सांगितलं. सर म्हणाले, “बरोबर.” खिलेश्वरी तेवढ्यात म्हणाली, “म्हनजे रोवन्याच्या बांधीवानी, सर. खाली टनक, वर चिखल, अना मधात पानी अडकलेलं. त्याच्यात बैल जाते तं फसते, ट्रक कायचा निंगते?” सर खुर्चीत मागे रेलून हसले. पुढे आमच्याकडे जो कोणी पाहुणा आला त्याला सरांनी रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, बांधीच सांगितली. माझी आकृती फळ्यावर होती ती कोणीतरी पुसली.

प्रयोगाला थंडी कुठून आणायची हा प्रश्न होता. तोही तिनेच सोडवला. नवेगाव बांध आणि बोदलकसा या तलावांची मासळी बाहेर पाठवायला बर्फ लागतो, तो बनवणारा एक कारखाना गावाबाहेर होता. खिलेश्वरी सरळ तिथल्या सेठकडे गेली. मी विनंतीचा अर्ज लिहून नेला होता, तो सेठने वाचलाही नाही.

“मैडम, आप लोग सड़क को बर्फ में रखोगे?” त्याने विचारलं.

“सड़क का एक टुकड़ा, सेठजी. आपकी मछली से कम जगह लेगा.”

“और बास आया तो?” सेठने नाक मुरडलं.

“मछली का आएगा, सड़क का नहीं.”

सेठने लाद्या साठवायच्या खोलीचा एक कोपरा आम्हाला दिला. आम्ही लाकडाची उंच पेटी केली. तिच्यात खाली माती, वर मुरूम, त्यावर गिट्टी आणि सगळ्यात वर डांबराचा थर असा रस्ताच उभा केला. मधोमध एक पारदर्शक नळी सोडली. नळीत निळं पाणी. पाणी गोठलं की ते रंग बाहेर टाकतं आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. नळी वर ओढायची आणि पांढरं कुठे संपून निळं कुठे सुरू होतं ते पाहायचं. हीव तिथपर्यंत गेलं. हे इतकं सोपं आणि सुंदर होतं, की पहिल्यांदा नळी वर काढली तेव्हा आम्ही ती आळीपाळीने हातात धरून पाहिली.

हीव फक्त वरून उतरायला हवं होतं, बाजूंनी नाही. म्हणून पेटीच्या चारही बाजूंना काहीतरी भरणं भाग होतं. गोंदियात असं काही भरायचं म्हटलं की दुसरा विचार कोणी करत नाही. राइस मिलमधून धानाचा भुसा आणायचा. बर्फाच्या लाद्या आम्ही भुशात ठेवतो, काचसामान भुशात पाठवतो, अंडीदेखील भुशातच ठेवतो. आम्ही दोघींनी पोत्यांनी भुसा आणून ठासून भरला.

माझं काम गणिताचं होतं. खोलीच्या तापमानावरून हीव रोज किती उतरेल ते मी काढायची आणि खिलेश्वरी नळी वाचायची. सुरुवातीला जुळलं. मग नळी माझ्या आकड्याच्या पुढे जाऊ लागली. हीव मी सांगते त्याहून खोल जात होतं. मी गणित पुन्हा मांडलं. मातीतलं पाणी पुन्हा मोजलं. पुस्तकं काढली. चूक सापडेना तसतसं मला खात्री वाटू लागली, की कुठेतरी मी काहीतरी नीट शिकलेलीच नाही, आणि ते आता सगळ्यांना कळणार.

एका सकाळी मी खोलीत गेले तर खिलेश्वरी पेटीला टेकून बसली होती. बाही वर सारलेली, खांद्यापर्यंत हात भुशात घातलेला.

“हे का करून राहिली वो?” मी विचारलं.

“बाजूनं येऊन राहिलं.”

“काय?”

“हीव. भुसा वरून कोरडा हाय. खाली पाह्य, लगदा झाला. ओल्या लाद्या आनून ठेवते ना, त्यायचं पानी झिरपलं याच्यात. आता तोच गोठून पेटीले चिकटून राहिला.”

मी हात घातला. तळाचा भुसा दगडासारखा झाला होता. सुका भुसा थंडी अडवतो, ओला भुसा तिला वाट करून देतो. लाद्यांखालचा भुसा ओला होतो हे तर आम्हाला लहानपणापासून माहीत होतं, मासळीबाजारात तो पायाखाली येतो. तरी आम्ही दोघींनी तो ठासून भरला होता. भुशावर शंका घ्यायची आमच्याकडे रीतच नाही.

सरांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुझं गणित बरोबर होतं, शारदा. पण आकडा जुळला नाही तेव्हा तू स्वतःवर शंका घेतलीस. तिने पेटीवर घेतली.”

ते रागाने बोलले नाहीत. शिकवताना बोलावं तसंच बोलले. पण सरांचं दुसरं कुठलंही वाक्य माझ्या मनात इतकं राहिलेलं नाही.

त्याच सुमारास ती मला एकदा तिच्या घरी घेऊन गेली. तिच्या वडिलांना मी फार आवडले. मी वाकून नमस्कार केला, हात-पाय धुऊन आत गेले, विचारलं तेवढंच बोलले. ते म्हणाले, “पोरगी असावं तं असी. आमची पाह्य, घरात आली का पहिले गंजात हात.” खिलेश्वरीचा हात खरंच भाताच्या गंजात, पातेल्यात, होता, ती तळाची खरवड काढत होती. मग ते हळूच मला म्हणाले, “बाई, तूच जाजो त्या पहाडात. हिचं नाव नको काढू. हे तितं गेली का वापस येत नाही.”

परतताना मी गंमत म्हणून तिला हे सांगितलं. तिला जराही वाईट वाटलं नाही. “घे ना वो बापाले,” ती म्हणाली. “पन मंग धान कापाले तुलेच जा लागन.” आणि स्कूटीवर मागे बसून मोठ्याने हसत राहिली. मला वाटलं होतं तिला टोचेल. टोचावं असं वाटतही होतं.

जागा कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी सरांनी शेवटचा प्रयोग ठेवला. बाजूंना आता सेठने दिलेला थर्माकोल होता. माती नवी होती, आम्हा दोघींना अनोळखी. दोघींनी स्वतंत्रपणे सांगायचं, की आठवड्याच्या शेवटी हीव कुठवर पोचेल. मी आठवडाभर दुसरं काही केलं नाही. खिलेश्वरीने माती चोळून पाहिली, वास घेतला, थोडं गणित केलं, आणि मधेच मावसबहिणीच्या लग्नाला जाऊन आली.

नळी काढली तेव्हा निळं माझ्या खुणेच्या अगदी जवळ सुरू होत होतं. तिची खूण वीतभर चुकली होती. ती म्हणाली, “शारदा, तू तं पोपटवाली निंगाली. चिठ्ठीच काढली बाप्पा.” तिने माझी पाठ थोपटली. मी घरी फोन केला. आईला हीव म्हणजे काय ते समजलं नाही, पण मी पहिली आले एवढं समजलं.

दोन दिवसांनी सरांनी खिलेश्वरीला पाठवायचं ठरवलं.

मी कधी नव्हे ते त्यांच्या खोलीत न विचारता गेले. ते म्हणाले, “तुझा अंदाज बरोबर आला, म्हणूनच तू इथे पाहिजेस. तिथे पेटी नाही, बेटा. तिथे आकडा चुकेल आणि का चुकला ते खणून पाहावं लागेल. ती रोज तापमान कळवेल, तू अंदाज काढशील. काम दोघींचंच आहे.” मी “हो सर” म्हटलं. ते चूक होते असं मला तेव्हाही वाटलं नाही. ते चूक असते तर बरं झालं असतं.

त्या हिवाळ्यात तिचा रोज संध्याकाळी फोन यायचा. ती तापमान सांगायची, नळी वाचून दाखवायची, आणि मग न विचारता बाकीचं सगळं सांगायची. पापण्यांवर बर्फ जमतो. मजूर तिला ‘दीदी’ म्हणतात आणि तिच्या तंबूत चहाला येतात. डाळ शिजायला संध्याकाळ जाते. तिने तिथल्या अधिकाऱ्यांनाही रोवण्याची बांधी समजावून सांगितली होती. मी ऐकायची. ऐकताना माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहायची.

थंडी सरत आली तेव्हा रस्त्याच्या एका टप्प्यावर आमचं जुळेना. माझ्या हिशेबाने हीव खूप खोल गेलं होतं, तिची नळी मात्र उथळ दाखवत होती. तिथल्या अधिकाऱ्यांना भरलेले ट्रक सोडायची घाई होती. नळी त्यांच्या बाजूची होती, कारण हीव उथळ म्हणजे ते लवकर वितळणार आणि पाणी खाली जाणार. मी गणित पुन्हा मांडायला घेतलं, आणि मग थांबले. सरांचं ते वाक्य आठवलं.

“खिलू, नळी नेमकी कुठे लावली?” मी फोनवर विचारलं.

“कडंले. मधात लावली तं ट्रक तोडते ना वो.”

“रस्त्यावरचा बर्फ काढतात तो कुठे टाकतात?”

खिलेश्वरी गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

“कडंलेच,” ती म्हणाली. “नळीच्या उरावर. म्हनजे मी इतले दिवस पांघरूनाखाली मोजून राहिली.”

बर्फाचा ढीग जमिनीला पांघरुणासारखा असतो. त्याच्याखाली थंडी कमी उतरते. रस्त्याचा मधला भाग रोज साफ होत होता, उघडा पडत होता. दुसऱ्या दिवशी तिने मजूर घेऊन मधोमध खड्डा खणला. हीव माझ्या आकड्याच्या जवळपास निघालं. ट्रक थांबवले गेले, आणि रस्ता वाचला.

तिने ते कोणापासून लपवलं नाही. उलट सगळ्यांना सांगत सुटली, की गोंद्यात पंख्याखाली बसून शारदा सांगते आणि इथे खड्ड्यात ते निघतं. अधिकारी मग तिला विचारू लागले, “शारदा मैडम का क्या आया?” हे तिने मला सांगितलं तेव्हा मी त्या दिवशी सगळ्यांना पेढे दिले. संध्याकाळी तिने फोटो पाठवला. कंबरेइतक्या खड्ड्यात ती उभी होती, मागे पांढरे डोंगर, नाक लाल, हातात फावडं, आणि सगळे मजूर वाकून तिच्याकडे पाहून हसत होते. महाविद्यालयाने तो फोटो माहितीपत्रकावर छापला. छापला तर काय चूक? अंदाजाचा फोटो निघत नाही.

उन्हाळ्यात ती परत आली. काळी पडली होती, ओठ फाटले होते. घरी जाण्याआधी ती सरांकडे गेली आणि म्हणाली, “आता इले पाठवा, सर. माझी नळी चुकली, तिचा अंदाज नाही चुकला.” सर लगेच तयार झाले. त्यांनी मला बोलावून विचारलं. खिलेश्वरी तिथेच टेबलाला टेकून उभी होती आणि माझ्याकडे अशी पाहत होती, जणू माझ्याआधी तिलाच उत्तर माहीत आहे.

मी नाही म्हटलं.

त्या क्षणापर्यंत मीही हो म्हणेन असंच मला वाटत होतं. पण ती जागा मला जिंकायची होती. तिने उचलून हातात ठेवली तेव्हा ती एकदम तिची झाली, आणि तिची उतरलेली वस्तू घ्यायला माझा हात पुढे होईना. हे काही मी तिथे बोलले नाही. मी म्हटलं, “मी तिकडे गेले तर अंदाज कोण काढेल?”

वाटलं, ती भांडेल. निदान ‘काऊन नाही जात?’ एवढं तरी विचारेल. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “हे बी खरं हाय, सर. माझ्याच्यानं नाही होनार ते.” आणि बोलणं संपलं. तिने माझं म्हणणं इतक्या सहज मान्य केलं याचा मला आजही राग येतो.

ती पुन्हा गेली, आणि तिथलीच झाली. तिच्या वडिलांचा अंदाज आमच्या सगळ्यांपेक्षा बरोबर निघाला. आता जमिनीखाली तापमान मोजणाऱ्या तारा पुरल्या आहेत. आकडे आपोआप माझ्या संगणकावर येतात. अंदाज अजून मीच काढते आणि ते बहुधा बरोबर येतात. फोनची गरज उरली नाही, म्हणून फोनही येत नाही. दिवाळीला एखादा संदेश येतो, खाली कसला तरी हसरा चेहरा.

तिला शेवटचं पाहिलं ते त्या दुसऱ्या वेळी, गोंदिया स्टेशनवर. मी सोडायला गेले होते. तिच्या तीन बोजांपैकी एक तांदळाचा होता, तिथल्या मजुरांसाठी. तो मी उचलून डब्यात दिला. खिडकीशी बसल्यावर ती म्हणाली, “अजून टाइम हाय. चढतं का?” मी म्हटलं, “जा वो, गाडी सुटते.” तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या एका बाईने तिला काहीतरी विचारलं, कुठे चाललात असं असावं. खिलेश्वरी तिच्याकडे वळली. तिने एक तळहात आडवा धरला, दुसरा त्याच्या खाली नेला आणि हळूहळू खाली उतरवत गेली. बाई, तिचा नवरा, त्यांची म्हातारी, सगळे त्या हाताकडे पाहू लागले.

गाडी हलली. मी हात वर केला. त्या बाईने मला पाहिलं, आपल्यालाच कोणी निरोप देत आहे असं तिला वाटलं असावं, आणि तिने हसून मला हात केला. खिलेश्वरीचं अजून सांगून झालं नव्हतं.